ग्रॅनाइट सहल, बेंगळुरू ते हंपी: साडेतीन स्टार, आणि उरलेला दीड कशासाठी कापला ते

आधीच सांगते, लांबणार आहे. ज्यांना फक्त जायचं का नाही एवढंच हवंय त्यांनी इथंच थांबा: जा, पण पैसे भरायच्या आधी गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार हे त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

तर तीन दिवसांची सहल, माणशी साडेचौदा हजार, बारा जणांची टेम्पो ट्रॅव्हलर, राहणं-खाणं त्यातच. नाव टाकत नाहीये कारण रिफंडवरून त्यांच्याशी माझं अजून बोलणं चालू आहे आणि उगाच भांडण जाहीर करायचं नाहीये. सोबत एक निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञ असतात, त्यांना सगळे सर म्हणतात, मीही सरच म्हणणार. आमच्याकडून तिघं: मी, माझी अकरा वर्षांची लेक आणि माझे सासरे. बाबा कराडला चाळीस वर्षं बांधकामाची कंत्राटं घेत होते, त्यांनी घातलेले किचनचे ओटे मोजले तर अर्धं कराड त्यांच्या ग्रॅनाइटवर भाकरी थापतंय म्हणायला हरकत नाही. नवऱ्यानं ऐनवेळी ऑफिसचं कारण काढलं. त्याच्या जागी बाबा आले आणि खरं सांगते, पैसे वसूल झाले ते त्यांच्यामुळं.

जाहिरातीत दोन ओळी होत्या, 'पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या मॅग्म्याच्या वाटेनं प्रवास करा, खालून वर'. मला वाटलं हे असंच, मार्केटिंग. पण हे अक्षरशः खरं आहे. (मॅग्मा म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक.)

झालंय असं की बेंगळुरूच्या दक्षिणेपासून पार हंपीपर्यंत ग्रॅनाइटचा एक लांबलचक पट्टा आहे, उत्तर-दक्षिण, साधारण 400 किलोमीटर लांब आणि रुंदी जेमतेम 20-25 किलोमीटर. म्हणजे नकाशावर बघितलं तर कुणीतरी पट्टी ठेवून रेघ ओढल्यासारखा. त्याला क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणतात. क्लोजपेट हे रामनगरचं इंग्रजांच्या काळातलं नाव, म्हैसूरचे रेसिडेंट, म्हणजे तिथले इंग्रजांचे प्रतिनिधी, बॅरी क्लोज यांच्यावरून पडलेलं, गावाचं नाव बदललं पण खडकाचं राहिलं. वय साधारण 250 कोटी वर्षं. आता गंमत अशी की इथला जमिनीचा अख्खा तुकडा नंतर कललाय. दक्षिणेची बाजू जास्त उचलली गेली आणि वरचं सगळं झिजून गेलं, त्यामुळं दक्षिणेला आज जो खडक आपल्या चपलेखाली आहे तो मॅग्मा वाहत होता त्या काळी 20-25 किलोमीटर खोल होता, आणि हंपीचा त्या मानानं बराच वरचा, 10 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे तुम्ही गाडीत बसून दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलात की त्या वेळच्या पृथ्वीच्या कवचात तुम्ही खालून वर चढताय. लिफ्ट आडवी पाडून ठेवलीये म्हणा ना. जगात अशा जागा फार नाहीत जिथं एकाच ग्रॅनाइटचं मूळ, खोड आणि शेंडा ओळीनं बघायला मिळतो, आणि इथं ते टोलनाक्यांसकट मिळतं.

पहिला दिवस, सकाळी साडेसहाला लालबागेत जमायचं. लालबागेतला तो मोठा खडक, ज्याच्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे, तिथं रोज शेकडो लोक चालायला येतात आणि पाटी कुणी वाचत नाही, मीही सहा वर्षं वाचली नव्हती. तो ग्रॅनाइट नाहीये, तो नाइस आहे (उच्चार असाच, बिस्किटासारखा), जवळजवळ 300 कोटी वर्षांचा, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. सरांनी सगळ्यांना गुडघ्यावर बसवलं आणि म्हणाले, हा तुमचा कच्चा माल. याच्यासारखाच खडक खाली खोलवर तापला आणि थोडाथोडा वितळला. पूर्ण नाही हां, थोडाच. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, फेल्डस्पार (तेही एक खनिजच) आणि अभ्रक हे तिघं जिथं एकमेकांना टेकलेले असतात तिथं पहिला थेंब सुटतो, कारण अभ्रकात बांधलेलं पाणी असतं, ते 750-850 अंशाला सुटायला लागतं आणि पाणी मिळालं की बाकीचे दोघं लवकर वितळतात. बाबांनी लगेच विचारलं, म्हणजे कोरड्या खडकाला जास्त उष्णता लागणार? सर एकदम खूश. पहिल्या पंधरा मिनिटांत बाबा वर्गातले हुशार विद्यार्थी आणि मी मागच्या बाकावर, ते शेवटपर्यंत तसंच.

नाश्ता वाटेत, इडली-वडा, चांगला होता. चहा पाणचट.

मग कब्बाळदुर्ग, कनकपुऱ्याच्या बाजूला. इथं बघण्यासारखं काय तर एक जुनी खाण. माझी लेक म्हणाली, आई आपण खड्डा बघायला आलोय का. पण त्या खड्ड्यात करड्या नाइसमध्ये मधेमधे काळपट हिरवे डाग पसरलेत, जुन्या भिंतीवर ओल चढावी तसे, आणि ते डाग म्हणजे चार्नोकाइट. खूप खोलवरच्या उष्णतेत, पाणी निघून गेलं की नाइसचा चार्नोकाइट होतो, आणि इथं तो होता होताच गोठलाय, अर्धा झालाय अर्धा राहिलाय. पिचमुथू म्हणून मोठे भूगर्भशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1960 साली हे दाखवलं आणि तेव्हापासून जगभरातले लोक हा खड्डा बघायला येतात. (चार्नोकाइट हे नाव कोलकात्यातल्या जॉब चार्नॉकच्या थडग्याच्या दगडावरून पडलंय, हे ऐकून बाबा म्हणाले, बघा, माणसाचं नाव राहावं तर दगडामुळंच.)

इथं पहिल्यांदा कळलं की फॉल्ट म्हणजे भेग ही माझ्या डोक्यातली समजूत अर्धीच बरोबर आहे. वर, थंड खडकात, तो मोडतो, भेग पडते, भूकंप होतो. पण 20-25 किलोमीटर खाली खडक तापून मऊ असतो, मऊ म्हणजे लोण्यासारखा नाही, पण लाखो वर्षं दाबत राहिलं तर कणीक ओढल्यासारखा ताणला जातो. तिथं फॉल्टचा शिअर झोन होतो, कधी कधी किलोमीटरभर रुंद, आणि त्यात दोन बाजू एकमेकींना घासत सरकत असतात. मॅग्म्याला अशीच जागा हवी असते. कणाकणांच्या मधे सुटलेले थेंब नुसते तिथं बसून राहिले तर काहीच होणार नाही, पण थेंब वाढून एकमेकांना जोडले गेले आणि त्यात खडक सरकत असला की ते पिळले जातात, ओल्या पंच्यासारखे, आणि जिथं दाब कमी तिकडं पळतात. आधी केसाएवढी शीर, मग बोटाएवढी, मग हाताएवढी. खाणीच्या भिंतीवर हे दिसतं. सरांनी बोटानं एक पांढरट गुलाबी शीर दाखवली, ती वर जाऊन दुसरीला मिळते, दोघी मिळून तिसरीला. लेकीनं फोटो काढला आणि आजोबांना म्हणाली, कृष्णा-कोयनेचा संगम. कराडची आहे हे लपत नाही.

दुपारी रामनगर. हे सगळ्यांना पिक्चरमुळं माहितीये, गब्बरचा अड्डा वगैरे, गाडीतल्या दोघांनी डायलॉग मारून घेतले, त्याबद्दल नवीन काही सांगत नाही. रामदेवर बेट्टावर गिधाडांचं अभयारण्य आहे त्यामुळं तिथं हातोडा काढायचा नाही, आवाज करायचा नाही. तिथून मागडीच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या खाणीत नेलं आणि ही जागा, ही एकटी जागा, साडेचौदा हजारांची आहे.

आठ-दहा मीटर उंच सरळ कापलेली भिंत. करड्या खडकात गुलाबी फेल्डस्पारचे स्फटिक, माझ्या अंगठ्याएवढे, काही त्याहून मोठे, चपटे, लांबट. आणि सगळे एका दिशेला तोंड करून. एखाद-दुसरा नाही, सगळे. सरांनी होकायंत्र ठेवलं, उत्तर-दक्षिण. बाबा भिंतीजवळ गेले, तळहात फिरवला आणि म्हणाले, अगं ही खीर आहे, डाव फिरवला की शेवया कशा एका बाजूला वळतात तशा वळल्यात. सर म्हणाले मी तीस वर्षं शिकवतोय, हे आता चोरणार. कारण तेच तर आहे: हा मॅग्मा इथून जाताना पातळ पाण्यासारखा नव्हता, स्फटिकांनी भरलेला घट्ट लगदा होता, आणि दोन्ही बाजूंचा खडक तेव्हा सरकत होता, त्या सरकण्यानंच स्फटिक वळले. मॅग्मा येऊन बसला आणि मग कधीतरी फॉल्ट हलला असं नाही, दोन्ही एकदमच चालू होतं.

त्याच भिंतीत एक काळा गोळा होता, फुटबॉलएवढा, आणि त्या काळ्या गोळ्याच्या आत दोन गुलाबी स्फटिक. लेक म्हणाली चॉकलेटमध्ये बदाम. सर म्हणाले, बदाम आत गेला कसा सांग. ती म्हणाली, चॉकलेट पातळ असताना घातला. झालं, उत्तर आलं. तो काळा माल पृथ्वीच्या कवचाच्याही खालच्या थरातून, मँटलमधून आलेल्या मॅग्म्याचा आहे, तो जास्त गरम, आणि तो या लगद्यात घुसला तेव्हा दोघंही पातळ होते म्हणून एकाचे स्फटिक दुसऱ्यात शिरले. म्हणजे खालून नुसती उष्णता आली नाही, मालही आला. क्लोजपेटचा ग्रॅनाइट हे असं मिश्रण आहे. माझ्या डोक्यात ग्रॅनाइट म्हणजे एकदम शुद्ध, एकसारखी वस्तू होती, ओट्यावर दिसते तशी. ओट्यावरून आठवलं, बाबांनी भर खाणीत जाहीर केलं की दुकानात मिळणारा काळा ग्रॅनाइट हा ग्रॅनाइट नसतोच, आणि सरांनी मान डोलावली, तो बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे वेगळेच काळे खडक असतात, धंद्यात सगळ्यालाच ग्रॅनाइट म्हणतात. आमच्या घरचा ओटा काळा आहे. बाबांनीच बसवलाय. मी काही बोलले नाही.

रात्री जेवणानंतर मुक्कामाच्या ठिकाणी सरांचं तासभराचं बोलणं होतं, प्रोजेक्टर बंद पडला (हा अर्धा स्टार इथं गेला, एक साधी एक्स्टेन्शन केबल ठेवता येत नाही का), मग त्यांनी खडूनं फरशीवरच काढून दाखवलं आणि ते जास्त चांगलं झालं. विषय असा की एवढा मोठा माल वर येतो कसा आणि मावतो कुठं. येण्याचं कारण सोपं, वितळलेला ग्रॅनाइट घन खडकापेक्षा हलका, 2.7-2.8 च्या जागी 2.3-2.4 घनता, म्हणून तो वर जाऊ बघतो. पण आधी लोक समजायचे की मोठाच्या मोठा गोळा, फुग्यासारखा, वरचा खडक बाजूला सारत हळूहळू चढतो. खाली, गरम मऊ खडकात, हे थोडंफार चालेलही. पण वर खडक थंड आणि कडक, तिथं हा गोळा लाखो वर्षं घेणार आणि तेवढ्यात स्वतःच गोठून बसणार. म्हणून आता जास्त भर आहे तो भेगांवर, डाइकवर (मॅग्म्यानं भरलेल्या भेगेला डाइक म्हणतात). पेरूमध्ये कॉर्डिलेरा ब्लांका म्हणून डोंगररांग आहे, मोठ्या फॉल्टला लागून ग्रॅनाइट आहे तिथं, 1993 साली पेटफर्ड, कर आणि लिस्टर या तिघांनी हिशोब मांडला की काही मीटर रुंदीची भेग असेल तर तो अख्खा डोंगर भरायला काही शे वर्षं पुरतात. वेग निघाला सेकंदाला साधारण 1 सेंटीमीटर. ऐकायला काहीच नाही, गोगलगायीपेक्षा जरा बरा, पण गणित करा, 30 किलोमीटर चढायला 35 दिवस. बाबांनी मोबाइलवर गुणाकार करून बघितला आणि परत करून बघितला.

मग मावतो कुठं? जिथं ग्रॅनाइट आहे तिथं आधी काहीतरी होतंच ना, ते गेलं कुठं, यावर भूगर्भवाल्यांची म्हणे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झालीत. सरांनी एस.टी.चं उदाहरण दिलं (कन्नड माणूस, पण सांगलीला नोकरी झालेली). खच्चून भरलेल्या गाडीत घुसता येत नाही, पण घाटात गाडी वळली की सगळे एका बाजूला कलतात आणि दुसऱ्या बाजूला क्षणभर जागा होते, तेवढ्यात आपण पाय टेकून घ्यायचा. फॉल्ट सरळ नसतो, त्यालाही वळणं असतात, दोन बाजू सरकल्या की वळणावर फट उघडते, तिथं मॅग्मा पाय टेकतो. पुढचं सरकणं, पुढची फट, पुढचा हप्ता. असा हप्त्याहप्त्यानं प्लुटॉन, म्हणजे जमिनीखाली गोठलेला ग्रॅनाइटचा मोठा गोळा, भरत जातो. एकदम ओतलाय असं नसतं.

दुसरा दिवस, आणि इथून माझी तक्रार.

ठरलेला रस्ता होता मधुगिरी, पावगड, मग पुढं आंध्रच्या हद्दीला लागून बळ्ळारी आणि हंपी. आतला रस्ता, खराब, वेळखाऊ, पण क्लोजपेटच्या अंगावरून जाणारा. सरांनी आदल्या रात्री सांगितलं होतं की उद्याचा सगळ्यात महत्त्वाचा थांबा दिसायला सगळ्यात भिकार आहे, तक्रार करू नका. कारण पावगडच्या पुढं तो गुलाबी शेवयांचा मोठा पट्टा संपतो. मग हंपीकडचे ग्रॅनाइट सुरू व्हायच्या आधी मधे एक टप्पा आहे जिथं ग्रॅनाइट जवळजवळ नाहीच, सगळा जुना नाइस, आणि त्यातून फक्त बारीक बारीक डाइक गेलेत. शास्त्रज्ञ त्याला गॅपच म्हणतात. आणि गॅपच्या पलीकडचा, हंपीकडचा ग्रॅनाइट कसा, तर बारीक दाण्यांचा, मोठे स्फटिक फारसे नाहीत, वळलेलंही काही नाही. म्हणजे गॅप ही गाळणी आहे, चहाची. खालून आलेला स्फटिकवाला घट्ट लगदा तिथं अडकला, आणि त्यातला पातळ रस तेवढा भेगांमधून गाळून वर गेला आणि वर जाऊन छोटे छोटे गोल प्लुटॉन भरले. खालचा आणि वरचा असे दोन वेगळे खडक बघून त्यांचं नातं जिथं कळतं ती जागा ही.

सकाळी गाडी निघाली, मी पेंगत होते, डोळे उघडले तर सहापदरी हायवे आणि चित्रदुर्गाचा बोर्ड. आयोजकांच्या पोरानं सांगितलं, मॅडम आतला रस्ता खराब आहे, इकडून किल्लापण होईल आणि एसी हॉटेलात जेवणपण. गाडीतल्या सहा जणांनी टाळ्या वाजवल्या. सर पुढच्या सीटवर गप्प, मान खिडकीकडं. मी भांडले. मला म्हणाले, गॅपमध्ये बघायला काहीच नाहीये मॅडम, रिकामं माळरान आहे, आधीच्या बॅचवाले बोअर झाले होते. अहो पण मधलाच मजला वगळून खालून वर कसं जाणार? हे म्हणजे दळण दाखवलं, भाकरी दाखवली आणि मधे पीठ मळलंच नाही. एक स्टार इथं गेला. चित्रदुर्गाचा किल्ला चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही, पण तो बघायला मी कधीही जाईन.

सरांचा स्वभाव बघा, तरीही त्यांनी हायवेवरचा वेळ वाया घालवला नाही. बाबांशी गप्पा मारताना कराड ऐकलं आणि म्हणाले, तुमच्या कोयनेखाली पण हेच आहे. मी ऐकायला मागं वळले. कोयनेला 1967 च्या 11 डिसेंबरला पहाटे जो 6.3 चा भूकंप झाला तो आमच्या घरात अजून सांगतात, बाबा तेव्हा शाळेत होते, अंगणात गोधड्या घेऊन झोपायचे सगळे. त्या भागात मग भूकंप समजून घ्यायला खोल बोअर मारले गेले, कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि तिथल्या 3 किलोमीटरच्या बोअरमध्ये साधारण सव्वा किलोमीटर काळा बसाल्ट, आपला सह्याद्रीचा, आणि तो संपला की एकदम ग्रॅनाइट आणि नाइस. किल्लारीला तर 1993 नंतर मारलेल्या बोअरमध्ये 338 मीटरवरच बसाल्ट संपला. म्हणजे आपण ज्याला महाराष्ट्राचा खडक म्हणतो ती वरची साय आहे, खाली दूध हेच. आणि कोयनेचे भूकंप त्या सायीत होत नाहीत, खालच्या जुन्या खडकातल्या फॉल्टवर होतात. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आम्ही पाया खणताना मुरूम लागला की खूश व्हायचो, त्याच्याखाली काय आहे कुणी विचारलंच नाही.

हंपी. हंपीबद्दल सगळे लिहितात, मी थोडक्यात उरकते. हे धोंडे गडगडत येऊन पडलेले नाहीत, जागच्या जागी झिजून गोल झालेत. ग्रॅनाइट निवताना आणि वरचा भार गेल्यावर त्यात आडव्या-उभ्या सांधी पडतात, पाणी सांध्यांत शिरतं, कोपरे आधी कुजतात, मधला गाभा राहतो. लोक सांगतात वाली-सुग्रीवांनी फेकलेत, तेही ऐकायला छान आहे. गोल नाव, बूट भिजले, पन्नास फोटो. कडलेकाळू गणपती एका अखंड धोंड्यातून कोरलाय, त्याच्या पोटाला हात लावून बाबांनी पॉलिशची तपासणी केली आणि पास केला. सरांनी वरच्या खडकाचा ताजा तुटलेला तुकडा भिंग लावून दाखवला, खरंच बारीक दाणा, कालच्या शेवया गायब. गाळलेला चहा.

पण हेमकूट टेकडीवर एक गोष्ट झाली ती सांगायलाच हवी. तिथं आणि हंपीत सगळीकडंच खडकांवर चौकोनी भोकांच्या रांगा दिसतात, टाचणीनं टोचल्यासारख्या एका रेषेत. सरांनी विचारलं हे काय. बाबा म्हणाले, पाचर. पाथरवट ओळीनं भोकं पाडणार, त्यात पाचरी ठोकणार, थोडी इथं थोडी तिथं, सगळ्यांवर सारखा ताण, आणि मग एका क्षणी आवाज बदलतो. ठोकताना टणटण वाजत असतं ते मधेच डब्ब वाजतं, तेव्हा हात थांबवायचा आणि बाजूला व्हायचं, दगड आता आपणहून उघडणार. एवढा मोठा धोंडा फोडायला एवढीशी पाचर, कारण जोर सगळा भेगेच्या टोकाला जातो. सर टाळी वाजवून म्हणाले, हेच! डाइक म्हणजे हेच, पाचर लोखंडाची नाही, मॅग्म्याची, मागून दाब येत राहतो, टोकाला खडक फाटतो, फाटलं की मॅग्मा पुढं, परत टोक. आणि फॉल्ट असेल तर अर्धं काम झालेलंच, पाथरवटाला आधीची सांध मिळावी तसं. मग बाबांनी तो प्रश्न विचारला जो मला सुचला नसता: मग पाचर थांबते कुठं? वरपर्यंत का नाही येत?

उत्तर मला वाटलं होतं थंडीनं गोठते. ते आहेच. पण दुसरं कारण भारी आहे. मॅग्म्यात पाणी विरघळलेलं असतं आणि त्या पाण्यामुळंच तो कमी तापमानाला पातळ राहतो. वर आला की दाब कमी होतो, दाब कमी झाला की पाणी त्यातून सुटून जातं, सोड्याची बाटली उघडल्यासारखं, आणि पाणी गेलं की मॅग्मा तापमान तेवढंच असतानाही घट्ट होऊन थिजतो. म्हणजे जो जास्त पाणी पिऊन निघाला तो लवकर अडकतो, जो कोरडा आणि गरम निघाला तो जास्त वर जातो. म्हणून तर बहुतेक ग्रॅनाइट जमिनीखालीच राहतो, आपल्याला दिसतो तो वरचं सगळं झिजून गेल्यावर.

हे सगळं त्या गॅपमध्ये उभं राहून ऐकलं असतं तर? म्हणूनच मला राग आहे.

तिसऱ्या दिवशी गाडी परत हायवेनंच बेंगळुरूला निघाली, आम्ही तिघं उतरलो. होसपेटहून स्वतःच्या पैशानं टॅक्सी केली, सरांनी निरोप घेताना बाबांच्या फोनवर जागेची पिन टाकली होती, कुणाला न सांगता. बळ्ळारीच्या पुढं आत, एक ओढा, बाभळी, शेळ्या, ऊन असं की फोन गरम होऊन बंद पडला. खरंच रिकामं माळरान आहे, पोरगा खोटं बोलला नव्हता. अर्धा तास फिरलो. मग लेक ओढ्याच्या कडेनं ओरडली.

करड्या पट्ट्यांच्या नाइसमधून एक गुलाबी पट्टा सरळ गेलेला, ओढ्याच्या एका काठातून निघून पात्र ओलांडून दुसऱ्या काठात शिरलेला. कडा सुरीनं कापल्यासारख्या. दोन्ही बाजूंच्या नाइसचे पट्टे एकमेकांना जुळतात, मधला गुलाबी काढून घेतला तर परत चिकटतील असे. बाबांनी खिशातून मेजरटेप काढला (सहलीला मेजरटेप घेऊन येणारा माणूस), टोकाला लेकीला उभं केलं आणि मोजलं. साडेतीन फूट. कडेला दाणा एकदम बारीक, कारण थंड खडकाला टेकून पटकन गोठला, मधे जरा जाड. बाबा उकिडवे बसले आणि हातातल्या दगडानं नाइसवर ठोकलं, मग गुलाबीवर ठोकलं, मग बरोबर सांध्यावर. तिन्हीकडं टणटण. म्हणाले, पक्कं बसलंय, पाणी जाणार नाही.

सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच रिप्लाय, हा छोटा आहे, बहुतेक आंधळी गल्ली असेल, मोठा प्लुटॉन भरायचा तर याच्याहून रुंद वाट लागते नाहीतर मॅग्मा वाटेतच थिजतो, अजून पूर्वेला जा. उजेड कमी होत होता, गेलो नाही.

तोच फोटो आयोजकांनाही पाठवला, खाली लिहिलं की हे तुमच्या ब्रोशरमध्ये होतं आणि टॅक्सीचे पाच हजार दोनशे झालेत. दोन दिवसांनी उत्तर आलं: खूप छान फोटो मॅम, पुढच्या बॅचला हा स्पॉट आम्ही अ‍ॅड-ऑन म्हणून ठेवतोय, माणशी आठशे रुपये, तुमचा फोटो जाहिरातीत वापरला तर चालेल ना?

बाबा म्हणतायत चालेल म्हण, पण मेजरटेप दिसला पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी: टोपी, जाड तळाचे बूट, दहा रुपयांचं भिंग मिळालं तर ते. सर गाडीत असतील याची खात्री करा, ते नसतील तर जाऊ नका. आणि पुढच्या सीटवर बसा, म्हणजे मधुगिरीच्या फाट्याला ड्रायव्हरनं कुठं वळवलं ते दिसेल.